सोडून दिलेल्या खाणींचा पैसा : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी पेनसिल्व्हेनियातल्या सोडून दिलेल्या कोळसा खाणींबद्दल लिहिलं होतं : नारिंगी ओढे, खचणारी अंगणं आणि हे सगळं निस्तरायला अमेरिकी सरकारने बाजूला काढलेला पैसा. पत्रं बरीच आली. बहुतेक पिट्सबर्ग आणि स्क्रँटनच्या आसपासच्या मराठी घरांतून, काही पुण्या-नागपुरातून, ज्यांची मुलं इकडे आहेत त्यांची. मी नोकरीची सगळी वर्षं याच कामात काढली, त्यामुळे उत्तरं देताना थोडी लांबण लागेल. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

ताई, आम्ही पिट्सबर्गच्या पूर्वेला घर घेतलं. मागचा ओढा बारा महिने नारिंगी असतो, दगडांवर जाड चिखल बसलेला. शेजारी म्हणतात, इकडे असंच असतं. हा कोण साफ करणार? आणि खर्च आमच्या गळ्यात पडेल का? (मन्रोव्हिलजवळचे एक वाचक)

खर्च तुमच्या गळ्यात पडणार नाही, आधी ती धास्ती सोडा. पण "इकडे असंच असतं" हे शेजाऱ्यांचं म्हणणं मात्र मनावर घेऊ नका. याच एका वाक्यापायी कितीतरी ओढे तसेच पडून राहिले आहेत.

तो चिखल म्हणजे गंज आहे. कोळशाच्या थरात आणि त्याच्या वरच्या-खालच्या खडकात पायराइट असतं, म्हणजे लोह आणि गंधक. खाण खोदली की त्याला हवा आणि पाणी दोन्ही मिळतात. गंधकाचं आम्ल होतं, लोह पाण्यात विरघळतं. कंपनी निघून गेली, पंप बंद झाले, बोगदे पाण्याने भरले आणि ते पाणी जिथून वाट मिळेल तिथून बाहेर येऊ लागलं. उघड्या हवेत आलं की लोह गंजतं आणि तळाशी बसतं. त्या थराखाली पाण्यातले किडे जगत नाहीत, आणि किडे नाहीत तिथे मासे नाहीत. पेनसिल्व्हेनियात असे साडेपाच हजार मैलांहून जास्त ओढे आणि नद्या आहेत.

आता तुम्ही करायचं काय? ओढ्याच्या काठाने वर चालत जा, पाणी जिथे नितळाचं नारिंगी होतं त्या जागेपर्यंत. तिथे जवळपास एखादा पाइप, खचलेलं भोक किंवा खाणीचं जुनं तोंड सापडेल. आत पाऊल टाकू नका. आतली हवा प्राणवायूशिवायची असू शकते आणि छताचा काही भरवसा नसतो. त्या झऱ्याच्या तोंडाशी स्वच्छ बाटली भरा. पुष्कळदा पाणी बिसलरीसारखं दिसतं. बाटली खिडकीत ठेवून द्या. पाणी फार आंबट नसेल तर संध्याकाळपर्यंत ते गढूळ होऊन तळाशी नारिंगी थर धरू लागतं. याचा फोटो काढा, तारीख घाला, नकाशावरची जागा लिहा, पाऊस पडल्यावर आणि कोरड्या दिवसांत प्रवाह किती असतो तेही लिहा आणि राज्याच्या पर्यावरण खात्यातल्या सोडलेल्या खाणींच्या विभागाकडे पाठवा.

हे एवढ्यासाठी सांगते की हा सगळा पैसा एका यादीवर चालतो. संघराज्य सरकारची सोडलेल्या खाणींची एक नोंदवही आहे. राज्यं त्यात जागा भरतात, प्रत्येक जागेचा धोका आणि अंदाजे खर्च लिहितात, आणि त्यातून कामं निवडली जातात. यादीत नसलेल्या ओढ्याला कुणी दयाळू अधिकारी आपणहून शोधत येत नाही. मला कितीतरी जागा अशा माहीत आहेत की ज्यांची नोंद कुणा शाळामास्तराच्या किंवा मासे धरणाऱ्याच्या पत्राने झाली.

काम ठरलं तर तुमच्या जमिनीवर येण्याची लेखी परवानगी मागतील. ती जरूर द्या. एक गोष्ट मात्र विचारून घ्या : कामामुळे जमिनीची किंमत बरीच वाढली तर सरकारला त्या वाढीपुरता बोजा चढवण्याची कायद्यात मुभा आहे. ओढ्याच्या कामात सहसा हा प्रश्न येत नाही, पण सही करण्याआधी विचारायला काय हरकत आहे?

हा पैसा शेवटी आमच्या करातूनच ना? ज्या कंपन्यांनी कोळसा विकून पैसे केले त्यांनी का भरू नये? (फिलाडेल्फिया)

भरतात, पण सगळं नाही. 3 ऑगस्ट 1977 रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी उघड्या खाणकामाच्या नियंत्रणाचा कायदा सही केला. त्याआधी एखादी कंपनी डोंगर फोडून, कोळसा काढून निघून गेली तर तिला मागे वळून पाहायला लावणारं देशभर लागू असं काही नव्हतं. 1972 मध्ये वेस्ट व्हर्जिनियात बफेलो क्रीकच्या खोऱ्यात कोळशाच्या कचऱ्याचा बांध फुटला आणि 125 माणसं मेली, तेव्हा कुठे वॉशिंग्टनला जाग येऊ लागली.

कायद्याने दोन गोष्टी केल्या. पुढच्या खाणींना आधी हमी ठेव आणि नंतर जमीन पूर्ववत करण्याचं बंधन. आणि जुन्या, कुणीच वाली नसलेल्या खाणींसाठी चालू कंपन्यांकडून टनामागे वसुली : उघड्या खाणीच्या कोळशाला 35 सेंट, भूमिगत खाणीच्या कोळशाला 15 सेंट. म्हणजे आजच्या कोळशाने कालच्या कोळशाचं घाण झालेलं अंगण झाडायचं. तत्त्व म्हणून मला ते आजही पटतं.

अडचण आकड्यांची आहे. महागाई वाढत गेली आणि दर मात्र खाली आणले गेले. 2021 पासून तो उघड्या खाणीला 22.4 सेंट आणि भूमिगत खाणीला 9.6 सेंट आहे, वसुलीची मुदत 2034 पर्यंत. त्यात कोळसाच कमी निघतो : 2008 मध्ये देशात सुमारे 117 कोटी टन निघाला, 2023 मध्ये 58 कोटी टनांच्या आसपास. दर कमी, टन कमी, आणि जुन्या खाणी आहेत तेवढ्याच.

म्हणून नोव्हेंबर 2021 च्या पायाभूत सुविधा कायद्यात सरकारी तिजोरीतून, म्हणजे हो, करांतून, सुमारे 1,130 कोटी डॉलर 15 वर्षांसाठी ठेवले गेले. दरवर्षी साधारण 72 कोटी 50 लाख, 22 राज्यं आणि नावाहो नेशन (नावाहो आदिवासींचा स्वशासित प्रदेश) यांत वाटून. वाटप कशावर? 1977 पूर्वी त्या राज्यात किती टन कोळसा निघाला त्यावर. त्यामुळे पेनसिल्व्हेनियाचा वाटा सगळ्यांत मोठा, पहिल्या वर्षी जवळजवळ 24 कोटी 50 लाख डॉलर.

करदात्याने का भरावं, याचं माझं उत्तर सरळ आहे. तो कोळसा जाळून देशभरच्या भट्ट्या आणि आगगाड्या चालल्या, दोन महायुद्धांचं पोलाद बनलं. नफा कंपन्यांनी नेला, पण ऊब सगळ्यांनी घेतली. ज्या गावांच्या पोटातून तो काढला, त्यांनीच एकट्याने त्याची किंमत मोजत राहावं हे मला कधीच न्यायाचं वाटलं नाही.

माझी मुलगी आणि जावई ग्रीन्सबर्गजवळ घर घेत आहेत. तिथे जमीन खचते असं वाचलं आणि झोप उडाली. काय तपासायला सांगू? (पुण्याहून एक आई)

काकू, तुमची काळजी अगदी रास्त आहे. डिसेंबर 2024 मध्ये त्याच काउंटीत, मार्गेरिट नावाच्या वस्तीत, हरवलेलं मांजर शोधायला निघालेल्या एका आजीबाईंच्या पायाखालची जमीन खचली आणि त्या खालच्या खाणीत पडल्या. चार दिवसांनी त्यांचा मृतदेह मिळाला. ती खाण 1952 मध्येच बंद झाली होती. तिथून रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांना खाली पोकळी आहे हे दिसण्यासारखं वर काही नव्हतं.

मुलीला तीन गोष्टी सांगा. पहिली, खरेदीखत नीट वाचायचं. पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या खतांत मोठ्या अक्षरांत एक सूचना असते, की या दस्ताने खालचा कोळसा आणि जमिनीला खालून मिळणाऱ्या आधाराचा हक्क कदाचित विकला जात नाही. इतकी वेळा छापलेली असते की वकीलसुद्धा त्यावरून नजर फिरवून पुढे जातात. तिने थांबून विचारायचं.

दुसरी, राज्याचा खाणींच्या नकाशांचा संग्रह इंटरनेटवर फुकट पाहता येतो. पत्ता टाकला की खाली कोणती खाण, कोणता थर, कधीचा नकाशा हे कळतं. पण नकाशात काही दिसलं नाही म्हणजे खाली काही नाही, असं समजू नका. जुन्या कंपन्यांनी शेवटच्या वर्षांत काढलेला कोळसा पुष्कळदा नकाशावर चढवलाच नाही. जुलै 2002 मध्ये सॉमरसेट काउंटीतल्या क्वेक्रीक खाणीत नऊ कामगार अडकले, ते याच कारणाने : शेजारची सॅक्समन खाण नकाशावर होती त्यापेक्षा जवळ होती, तिच्यातलं पाणी फोडून आत आलं. 77 तासांनी नऊच्या नऊ जिवंत बाहेर काढले.

तिसरी, आणि ही सगळ्यांत महत्त्वाची : नेहमीचा घराचा विमा खाण खचल्याचं नुकसान भरून देत नाही. त्यासाठी राज्य सरकारच 1961 पासून वेगळा विमा देतं. संघराज्याचा पैसा खड्डा बुजवायला, घराखाली सिमेंट-राखेचं मिश्रण भरून जमीन धरून ठेवायला मिळतो. भेगाळलेल्या भिंती आणि मोडलेला पाया नव्याने बांधून द्यायला नव्हे. हा फरक लोकांना नुकसान झाल्यावर कळतो, आणि तेव्हा विमा घेता येत नाही. घराचा ताबा मिळेल त्याच आठवड्यात घ्यायला सांगा.

आणि अंगणात अचानक खड्डा पडलाच तर त्याच्या काठाशी जाऊन डोकावायचं नाही. काठ खालून पोखरलेला असतो. लांबूनच पोलिसांना फोन. अशा प्रसंगासाठी आपत्कालीन निधी वेगळा असतो, त्याला यादीत रांग लावावी लागत नाही.

आमच्या गावाजवळची खाण काही वर्षांपूर्वी दिवाळखोरीत गेली. डोंगर उघडा पडलाय. हे पैसे तिथे वापरता येतील का? (मॉर्गनटाउन, वेस्ट व्हर्जिनिया, विद्यार्थी)

नाही. 3 ऑगस्ट 1977 ही रेघ आहे. त्याआधी खणलेली आणि आज कायद्याने कुणावरही जबाबदारी नसलेली जमीनच या निधीत बसते. तुमच्या खाणीसाठी कंपनीने परवाना घेताना ठेवलेली हमी जप्त करून राज्याने काम करायचं असतं. ती हमी पुरेल का, हा खरा प्रश्न. काही राज्यांत प्रत्येक खाणीची पूर्ण हमी न घेता सगळ्या कंपन्यांची एकत्र ठेव असते. एखादी मोठी कंपनी बुडली की ती ठेव उघडी पडते. मला याची फार काळजी वाटते, कारण जुनं निस्तरायला पैसा मिळत असतानाच दुसऱ्या दाराने नवीन बेवारस खाणी तयार होत आहेत. तुम्ही विद्यार्थी आहात. त्या खाणीच्या परवान्याची फाइल सार्वजनिक असते, ती मागवा आणि हमीची रक्कम आणि कामाचा अंदाज शेजारी शेजारी ठेवून पाहा. प्रबंधाला याहून चांगला विषय मिळणार नाही.

एवढे अब्जावधी देऊनही ओढे नारिंगीच. सेंट्रेलियासारख्या ओस गावावरही पैसा गेला. हा खर्च वाया जातोय असं वाटत नाही? (स्क्रँटन)

नाही वाटत. पण तुमचा राग मला कळतो, कारण तुम्ही स्क्रँटनला आहात आणि ओल्ड फोर्जचं भोक तुमच्या जवळच आहे.

सेंट्रेलियाचं आधी उरकते. तिथे गावाखालच्या कोळशाच्या खाणीत लागलेली आग 1962 पासून जळते आहे. 1984 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, 4 कोटी 20 लाख डॉलर मंजूर केले ते आग विझवायला नव्हे, माणसं हलवायला. आग खोदून काढण्याचा खर्च त्याच्या कितीतरी पट होता. माणसं वाचवणं हे वाया जाणं नव्हे.

ओल्ड फोर्जची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. 22 जानेवारी 1959 रोजी पोर्ट ग्रिफिथजवळ सस्क्वेहाना नदी खालच्या नॉक्स कंपनीच्या खाणीत फुटून शिरली. नदीतळाखाली जेमतेम काही फूट खडक शिल्लक ठेवून कोळसा काढला होता. 12 कामगार गेले आणि त्या खोऱ्यातलं भूमिगत खाणकामच संपलं. पंप थांबले, एकमेकांना जोडलेल्या खाणी भरत गेल्या, लोकांच्या तळघरांत पाणी वर येऊ लागलं. तेव्हा 1962 मध्ये ओल्ड फोर्जला साडेतीन फूट व्यासाचं एक भोक पाडून त्या पाण्याला लॅकवाना नदीत वाट करून दिली. तळघरं वाचली. पण त्या भोकातून आजही दररोज 4 ते 10 कोटी गॅलन लोहाचं पाणी नदीत पडतं. तिथे काठावर उभं राहिलं की पाण्याचा आवाज आधी येतो आणि मग लोखंडाचा वास. खालचा दगड न् दगड विटकरी झालेला.

आता सांगा, हे कसं बुजवणार? बुजवलं तर तळघरं पुन्हा भरतील. म्हणजे शुद्ध करणं हाच मार्ग, आणि शुद्ध करणं म्हणजे आज, उद्या, पन्नास वर्षांनी, कायम. निधीचा सगळा पेच इथे आहे. उभी कापलेली कडा मातीने उतरती केली, खाणीचं तोंड बंद केलं, कचऱ्याचा डोंगर सपाट करून गवत लावलं की काम संपलं, फित कापता येते. पाण्याचं काम संपत नाही. चुनखडीच्या खड्ड्यातून पाणी सोडून आम्ल मारायचं, तळ्यांत गाळ बसू द्यायचा, पाणथळीतून गाळून सोडायचं, इथवर बांधणं सोपं. पण काही वर्षांत चुनखडीच्या खड्यांवर लोहाचं कवच चढतं, आतला चुना बाहेरच येत नाही. तळी गाळाने भरतात. खडी हलवावी लागते, बदलावी लागते, गाळ उपसावा लागतो. मी अशी तळी पाहिली आहेत की जी बांधली एका अनुदानातून आणि सांभाळायला पैसाच नव्हता. पाणी बाजूने वाट काढून होतं तसं नारिंगी ओढ्यात जात होतं.

कायद्यातही पाणी बराच काळ मागच्या बाकावर होतं. कामांचे तीन क्रम आहेत : पहिले दोन माणसाच्या जिवाला आणि आरोग्याला धोका असेल त्यांचे, तिसरा निसर्गाच्या नुकसानीचा. खचणारं घर आणि मेलेला ओढा एकाच वर्षी समोर आले तर घरच आधी, हे योग्यही आहे. पण असं दरवर्षी होत राहिलं की ओढ्याची पाळी येतच नाही. टनामागच्या वसुलीतून पाण्यासाठी 30 टक्क्यांपर्यंत रक्कम ठेव म्हणून बाजूला ठेवायची परवानगी राज्यांना होती. 2021 च्या मोठ्या निधीत ती तरतूद राहून गेली. बांधा, पण सांभाळायला साठवू नका, असा तो उफराटा प्रकार होता. ओढ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी आणि राज्यांनी बरीच आरडाओरड केली, आणि 2022 च्या अखेरीस स्ट्रीम कायद्याने ती 30 टक्क्यांची मुभा नव्या पैशालाही मिळाली. व्याजावर चुनखडी बदलत राहायची. माझ्या मते या निधीबाबत गेल्या काही वर्षांत झालेली ही सगळ्यांत मोलाची दुरुस्ती आहे, आणि वर्तमानपत्रांत तिला कोपऱ्यातही जागा मिळाली नाही.

तेव्हा राग धराच, पण नेमका धरा. राज्य दरवर्षी अनुदानातला किती भाग त्या ठेवीत टाकतं, हा प्रश्न आपल्या आमदाराला विचारा. "किती मिळाले" हे सगळेच विचारतात.

माझी छोटी बांधकाम फर्म आहे. यात कामं मिळतात का? (हॅरिसबर्ग)

मिळतात. राज्याचं पर्यावरण खातं निविदा काढतं. माती हलवणं, बोअर घेणं, ग्राउटिंग (पोकळीत सिमेंटचं मिश्रण भरणं), झाडं लावणं, सगळं ठेकेदारांकडूनच होतं. नव्या निधीत कोळसा उद्योगात काम करणाऱ्या किंवा केलेल्या कामगारांना रोजगार देणाऱ्या प्रकल्पांना प्राधान्य आहे. डोझरवर तीस वर्षं बसलेला माणूस तुमच्या माणसांत असेल तर तुमचंच भलं आहे. खाणीची जमीन त्याच्याइतकी कुणाला कळणार नाही.

मी निवृत्त झालो आहे, वेळ भरपूर. पैसे देऊ शकत नाही, पण हात देऊ शकतो. काही करता येईल? शिवाय हात लावला आणि उद्या काही बिघडलं तर खटला माझ्यावर येईल का? (जॉन्सटाउन)

खटल्याची भीती अगदीच निराधार नाही. झऱ्याला हात लावला की तो तुमचा झाला, असं काही कायद्यांचं वळण आहे. म्हणून पेनसिल्व्हेनियाने 1999 मध्ये स्वयंसेवकांना संरक्षण देणारा कायदा केला. मात्र ते संरक्षण आधी खात्याकडून मान्य करून घेतलेल्या कामालाच मिळतं, आणि संघराज्याचे पाण्याचे कायदे वेगळेच राहतात. फावडं घेऊन एकट्याने जाऊ नका.

तुमच्या भागात नदी-ओढ्यांसाठी काम करणाऱ्या स्थानिक संस्था आहेत, त्यांत नाव घाला. त्यांना सगळ्यांत जास्त गरज असते ती नियमित नमुने घेणाऱ्याची. दर महिन्याला त्याच जागी, प्रवाह मोजायचा, आम्लता पाहायची, दोन बाटल्या भरून प्रयोगशाळेत द्यायच्या. वर्षभराचे असे आकडे हाताशी असल्याशिवाय कुणी अभियंता शुद्धीकरणाची तळी आखू शकत नाही, आणि आराखडा नसेल तर अनुदानाचा अर्जही करता येत नाही. जानेवारीत, बर्फात, जायला माणूस मिळत नाही. तुम्ही जाणार असाल तर ते आधीच सांगून ठेवा. आणि बाटलीवर जागा, तारीख, वेळ तिथेच लिहा, घरी आल्यावर नव्हे. पेन चालत नाही, पेन्सिल न्या.